पेवातले रातकिडे

१

मानवतला माझ्या माहेरी पाल दिसली की आई केरसुणी उचलायची. पालीला जेवायला काय घालायचं, हा प्रश्न त्या घरात कधी कुणाला पडला नव्हता. तो माझ्या नशिबी लग्नानंतर आला.

आमचे हे बोरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सत्त्याऐंशी सालच्या माघात माळावर दगड उलटताना पोरांना दोन पाली सापडल्या. पिवळसर अंग, त्यावर काळे ठिपके, जाडजूड शेपूट, आणि भिंतीवरच्या पालीला नसतात तशा पापण्या. गावात तिला इखारी म्हणतात. ती चावली की माणूस पाणी मागत नाही, अशी लहानथोर सगळ्यांची खात्री. पोरं दगड घालणार तेवढ्यात ह्यांनी दोघींना रुमालात गुंडाळलं आणि रुमाल आणून ठेवला कुठं, तर माझ्या पोळपाटाशेजारी.

"अगं, विष नसतं हिला. गरीब जीव आहे," हे म्हणाले.

"गरीब असेल तर तिच्या घरी राहू दे. माझ्या घरी कशाला?"

पण ह्यांनी एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. शाळेतून जुनी काचेची पेटी आली, तळाला माती आली, आडोशाला फुटकी कौलं आली. एक मोठी होती, एक धाकटी. फाल्गुनात मोठीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन अंडी दिसायला लागली, तेव्हा तर ह्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. पिल्लू झालं की ते तळहातावर घेऊन सगळ्या गावातून हिंडायचं आणि हे भय कायमचं काढून टाकायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी हसायचे, पण मला त्यांचं ते वेड आवडायचं. लग्नाच्या नऊ वर्षांत आम्हाला मूल झालं नव्हतं, आणि घरात कशाची तरी वाट बघणं चालू होतं.

२

किडे निवडणं माझ्याकडं आलं. तांदूळ निवडते तर किडेही निवडता येतील, असा ह्यांचा हिशेब.

त्याचे नियम होते. कपाशीच्या रानातला एकही किडा घरात आणायचा नाही. फवारा मारलेला किडा खाल्ला की पाल गेलीच. काजवा विषारी, तो तर बघायचाही नाही. जवारीतले सोंडे बारीक आणि टणक, त्यांनी पोट भरत नाही. पिठातल्या अळ्या दोघींना फार आवडायच्या, पण रोज दिल्या तर चरबी धरते. झुरळ दिलं तर मोठी सरळ तोंड फिरवायची, आणि ते मात्र मला पटायचं. राहता राहिले रातकिडे. पालीच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर असतं त्याहून किडा मोठा नको. सुपात घेऊन मी ते पाखडल्यासारखे सरकवायचे, मोठे सोडून द्यायचे, बेताचे बरणीत टाकायचे.

"आणि आदल्या दिवशी किड्यांना पोटभर खाऊ घालायचं," हे सांगायचे. "किड्याच्या पोटात असेल तेच पालीच्या पोटात जातं."

"म्हणजे आधी किड्यांचा स्वयंपाक, मग पालींचा, आणि उरलं तर आपला."

रोज दिवेलागणीला मी पेटीचं झाकण सरकवायचे. मोठी कौलाखालून हळूच बाहेर यायची, मान तिरकी करून किड्याकडं बघायची, शेपटीचं टोक थरथरवायची आणि एका झेपेत गट्टम. मग जिभेनं स्वतःचेच डोळे पुसायची. मला किळस यायची ती कधी थांबली, ते माझं मलाच कळलं नाही.

३

चैत्रात माळ करपला. रातकिडे मिळेनात.

आम्ही कस्तुराबाईंच्या घरात भाड्यानं राहायचो. त्या पुढं, आम्ही मागं. कस्तुराबाई विधवा, मूलबाळ नाही, तोंडानं फटकळ पण हाताला उदार. आमच्या मागच्या खोलीत कोपऱ्यात जमिनीलगत एक वाटोळं दगडी झाकण होतं. मी त्यावर सरपण ठेवायचे. एका संध्याकाळी सरपण काढायला गेले तर झाकणाच्या कडेचा माती-शेणाचा लेप तडकलेला, आणि त्या फटीतून एकामागून एक रातकिडे बाहेर येत होते.

असे रातकिडे मी पाहिले नव्हते. फिकट रंगाचे, पोटं टम्म. सगळे एकाच मापाचे. सुपात टाकले तर निवडायला काही उरलंच नाही, जणू कुणीतरी आधीच निवडून पाठवले होते. आणि एकही ओरडत नव्हता. बरणीत पाच-पन्नास रातकिडे असताना खोली शांत राहते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं.

मी कस्तुराबाईंना विचारलं.

"पेव हाय तिथं," त्या म्हणाल्या. "आमचे मालक हुते तवा जवारी भरायचो. बारा साल झाले, रिकामंच हाय."

"रिकामं आहे, तर हे किडे काय खाऊन एवढे माजलेत?"

"किड्याला काय लागतंय? माती खात आसतील." त्यांनी विषय झटकून टाकला. मग जाता जाता वळून म्हणाल्या, "लीलाबाई, त्या खोलीत निजू नका. लय उकडतंय तिथं."

खरं तर घरातली सगळ्यांत गार खोली तीच होती.

४

पालींनी ते किडे असे खाल्ले की बघत राहावं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाकी सगळं सोडलं. अळी समोर वळवळायची आणि मोठी डोळे मिटून घ्यायची. पाल डोळे मिटते, हे पाहायची मला सवय झाली होती, पण हे मिटणं वेगळं होतं. चित्त लावून ऐकताना आपण मिटतो तसं. दिवेलागणीला दोघी पेटीच्या एकाच बाजूला येऊन बसायच्या, मागच्या खोलीकडं तोंड करून. मी पेटी फिरवून ठेवली. थोड्या वेळानं पाहिलं तर दोघी पुन्हा खोलीच्याच बाजूला.

वैशाखात एकदा सुपाच्या कडेखाली एक रातकिडा चिरडला. त्याच्या पोटातून हिरवट, दुधाळ काहीतरी आलं. वास इतका ओळखीचा होता की मला आधी भूकच लागली. मग मी घाबरले. तो हुरड्याचा वास होता.

ह्यांनी भिंग घेतलं, बराच वेळ निरखलं. "दुधात असलेली जवारी आहे ही. कोवळे दाणे."

"हुरडा पौषातला. आता बाहेर रानाला भेगा पडल्यात. ही जवारी कुठली?"

"पेवात एखादा जुना दाणा राहिला असेल. ओल लागली, उगवला."

"अंधारात कणीस धरतं का हो?"

ह्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. नंतर मी पाहिलं, तर ते झाकणाशी उकिडवे बसून फटीला कान लावून होते. मला बघून चटकन उठले आणि उगाच गुडघे झटकले.

त्याच आठवड्यात किडे यायचे थांबले. फटीशी ओलं फडकं ठेवलं, काकडी ठेवली, काही नाही. मी चार घरं हिंडून रातकिडे आणले, ह्यांनी जिंतूरपर्यंत जाऊन नाकतोडे आणले. दोघी शिवेनात. मोठीची शेपूट बोटाएवढी जाड होती, ती वाळल्या काटकीवर आली. पोटातली अंडी मात्र तशीच दिसत होती.

"पेव उघडावं लागेल," हे म्हणाले.

५

आश्रुबा गावातला जुना माणूस. तरुणपणी त्यानं पंचक्रोशीतली पेवं रिकामी केली होती. बंद पेवातल्या हवेनं माणूस कसा जातो ते त्याला बोलावून विचारायची गरज नव्हती. त्या भागातल्या प्रत्येक गावाला तसा एकेक मेलेला माणूस माहीत होता. म्हणूनच मी हट्ट धरला की आश्रुबा असल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

कस्तुराबाई आधी नाहीच म्हणाल्या. का, ते सांगेनात. शेवटी ह्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "उघडा. पण मी हितंच बसनार."

दिवसाउजेडी, दुपारच्या चारला झाकण सरकवलं. तोंड एवढंसं, एक माणूस कसाबसा जाईल असं. आत रांजणासारखं फुगत गेलेलं, दोन पुरुष खोल. मला वाटलं होतं कुबट भपकारा येईल. पण वारा आला. गार, ओला, रानातून यावा तसा.

आश्रुबानं दोरीला कंदील बांधून आत सोडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. कंदील तळाला टेकला. ज्योत हलली नाही.

"बारा सालाचं पेव," आश्रुबा हळूच म्हणाला. "कंदील इझायलाच पायजे."

"जळतोय म्हणजे हवा चांगली आहे, आश्रुबा. साधं विज्ञान आहे."

"मास्तर, इझला आसता तर मी म्हनलो आसतो, दोन दिस थांबू, मग जाऊ. इझला न्हाई म्हनूनच म्हनायलोय, जाऊ नका."

मी ह्यांना बाजूला घेतलं. "पाली मेल्या तर मरू द्या. मला तुम्ही पाहिजेत."

मी असं कधी बोलत नसे. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, त्यांचा चेहरा एकदम कोवळा झाला. "दहा मिनिटं. एक बरणी भरून किडे घेतो आणि काय उगवलंय ते बघतो. दोर आहे ना कमरेला!"

आश्रुबानं कमरेला गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. मग मला म्हणाला, "वरून घरच्यानं हाक मारायची, नाव घिऊन. आतल्यानं हां म्हनायचं. हां आला न्हाई की दोर वढायचा. नाव घिऊनच मारा बाई, पेवाचा तसाच कायदा हाय."

माझं तोंड लाल झालं. नवऱ्याचं नाव मी घेतलं होतं ते उखाण्यात, आणि तेही सासरच्या बायांनी दार अडवल्यावर. कस्तुराबाई मध्ये पडल्या. "घेते व्हय कुनी बाईमानूस नवऱ्याचं नाव, परक्या माणसापुढं? आहो म्हना. आवाज वळखू येतोय की त्यास्नी."

आश्रुबानं गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. हे हसले आणि पाय सोडून आत उतरले.

६

"अहो!"

"हां."

त्यांचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. खाली कंदिलाचा उजेड दिसत होता, हे दिसत नव्हते. बाजूला किडे शोधत असतील.

"अहो, सापडले का?"

"हां."

"किती आहेत?"

"हां."

ऐकू गेलं नसेल, पेवात आवाज घुमतो, असं मी मनाशी म्हणाले. पण एक विचारलं तर दहा वाक्यं ऐकवणारा माणूस. हुरडा खातानासुद्धा जवारीची जात सांगणारा. आज एका शब्दावर कसा भागवतोय? मग वाटलं, नीट श्वास राखून बोलत असतील, शहाणपणच करतायत. मी आश्रुबाकडं पाहिलं. तो दोराकडं बघत होता.

"दोर हालंना," तो म्हणाला.

"बसले असतील एका जागी. हां तर म्हणतायत ना."

"म्हनायलेत खरं."

"अहो, पुरे आता. वर या."

"हां."

दोर जागचा हलला नाही. मी पुन्हा हाक मारली. या वेळी माझा शब्द पुरा व्हायच्या आत उत्तर आलं. पुढच्या वेळी मी नुसता श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि खालून "हां" आला. मी हाक मारलीच नव्हती.

कस्तुराबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की त्यांच्या बांगडी नसलेल्या मनगटाचं हाड मला रुतलं. "नाव घ्या," त्या म्हणाल्या. "लीलाबाई, नाव घ्या वो!"

"काशीनाथ!" मी ओरडले. "काशीनाथ! काशीनाथ!"

खाली काहीच नाही.

आश्रुबानं दोर ओढायला सुरुवात केली. आम्ही दोघींनी त्याच्या मागून दोर धरला. वजन मेल्यासारखं होतं. तोंडातून आधी डोकं आलं, एका खांद्यावर लवंडलेलं, ओठ निळे पडलेले, डोळे अर्धवट. त्या ओठांतून बऱ्याच वेळात कसलाच शब्द निघाला नव्हता, हे सांगायला डॉक्टर नको होता. आम्ही त्यांना जमिनीवर आडवं केलं. कस्तुराबाईंनी पाण्याचा हंडाच्या हंडा तोंडावर ओतला, आश्रुबा छाती चोळायला लागला. मी त्यांचं नाव घेत होते, थांबत नव्हते. आणि एकदम त्यांनी घसा खरवडल्यासारखा श्वास घेतला. मग दुसरा. मी हंबरडा फोडला.

रडता रडता माझी नजर पेवात गेली. कंदील खालीच राहिला होता. तो जळत होता. मी बघत असताना त्याचा उजेड तळावरून उचलला गेला, चालत्या माणसाच्या हाताइतक्या उंचीवर आला आणि संथपणे एका बाजूला निघाला. कडेच्या मातीवर उजेडाची एक कड राहिली. मग तीही आड गेली. पेव गोल असतं. त्यात आड जायला जागा नसते.

आणि खालून हाक आली. "अहो!"

माझा आवाज होता. तोच हेल, तीच थोडी चिडलेली लय. माझं तोंड मिटलेलं होतं. कस्तुराबाई माझ्याकडंच बघत होत्या, त्यांनी ते पाहिलं.

जमिनीवर पडलेल्या ह्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "हां. आलो." आणि उठण्यासाठी हात टेकला.

आश्रुबा आणि मी त्यांच्या अंगावर पडलो. जे सरकवायला दोन माणसं लागली होती, ते झाकण कस्तुराबाईंनी एकटीनं लोटून लावलं.

७

दुसऱ्याच सकाळी आम्ही पाली माळावर सोडल्या आणि घर बदललं. बदलीचा अर्ज केला होता, तो वर्षभरानं मंजूर झाला. आता सहा वर्षं आम्ही पेडगावला आहोत.

त्यांना त्या दुपारचं फारसं आठवत नाही. "उतरलो आणि चक्कर आली. तुझी पहिली हाक ऐकली, हां म्हणालो. पुढचं काही नाही," एवढंच सांगतात. जड हवा तळाशी साचते, हेही सांगतात. मग कंदील कसा जळत होता, असं मी एकदा विचारलं. ते उठून वह्या तपासायला बसले.

मी आता त्यांना नावानं हाक मारते. चारचौघांत, विहिरीवर, शाळेच्या फाटकाशी, मोठ्यानं. पेडगावच्या बाया तोंडाला पदर लावतात. मास्तरीण लय शिकलेली हाय म्हणं, असं माझ्यामागं बोलतात. बोलू देत. कारण अधूनमधून, दिवे लावायच्या वेळी, ते हातातलं ठेवून म्हणतात, "हां, आलो," आणि चालायला लागतात. मी हाक मारलेली नसते. मी धावते, काशीनाथ म्हणते, ते भानावर येतात आणि ओशाळं हसतात. त्यासाठी मी घर सोडून राहत नाही. मानवतला भावाच्या मुलीचं लग्न झालं, मी अक्षता टाकून दुपारच्या एस.टी.नं परत आले. भाऊ अजून बोलत नाही.

परवा मी भाकरी थापत होते. ते म्हणाले, "हां, आलो." मी पिठाच्या हातानं बाहेर आले आणि नाव घेतलं. ते थांबले नाहीत. पुन्हा घेतलं. अंगण ओलांडून ते रस्त्याला लागले होते, बोरीकडं जायच्या अंगाला. मी पळत जाऊन सदरा धरला.

"काशीनाथ! मी हाक मारली ना, कितीदा! ऐकू नाही आली?"

ते वळले. पूर्ण शुद्धीवर होते. मला ओळखत होते. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आली," ते म्हणाले. "पण लीला, तू दोन्हीकडून मारलीस. नाव घेऊनच."